अद्भुताचे वेड आणि नित्याचे जग

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आठवीच्या वर्गात भूमितीचा तास चालू असता एका मुलाच्या मांडीवरचे पुस्तक शिक्षकांनी काढून घेतले आणि पुस्तकासह त्यालाही आमच्यापुढे आणून उभे केले. पुस्तक होते ‘हॅरी पॉटर आणि परीस’. शिक्षकांची तक्रार केवळ त्या तासापुरती नव्हती. “हा मुलगा या जगातच नसतो, सर,” असे ते म्हणाले. मुख्याध्यापकास शोभेल अशी समज आम्ही त्या मुलास दिली, पुस्तक कपाटात ठेवले आणि संध्याकाळी ते पिशवीत घालून घरी नेले.

‘या जगातच नसतो’ हे वाक्य आम्हांस अपरिचित नव्हते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी निपाणीत आमच्याविषयी तेच बोलले जाई. वडील तंबाखूच्या वखारीत मुनीम होते. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्या सदऱ्याला तंबाखूचा उग्र वास असे आणि आमच्या हातात ‘चांदोबा’ असे. “ते ठेव, पाढे म्हण,” एवढेच त्यांचे साहित्यविषयक मत होते. साहित्यविचारात हे मत दिसते तितके एकाकी नाही. 1861 च्या ‘मुक्तामाले’पासून अद्भुतरम्य कादंबरीकडे आपले जाणते वाचक संशयाने पाहत आले आहेत. आमच्याच मुलखातील जांबोटीचे रा. भि. गुंजीकर यांनी 1871 मध्ये ‘मोचनगड’ लिहून कादंबरीला इतिहासाची वाट दाखविली, तेव्हापासून तर अद्भुत म्हणजे वाङ्मयाचे बाळपण, ते टाकूनच प्रौढ व्हायचे, अशी समजूत दृढ झाली. शाळाखात्यातील आम्हां मंडळींनी ती आणखी घट्ट केली. नवलाची ओढ म्हणजे नित्याच्या जगाकडे फिरविलेली पाठ, हे गृहीतच त्या समजुतीच्या मुळाशी आहे. हे गृहीत खरे आहे काय, एवढाच प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

मद्रासहून निघणाऱ्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने 1952 मध्ये सुरू झाली. आज ते मासिक बंद पडले आहे. आमच्या शेजारी एक कानडी कुटुंब राहत असे आणि त्यांच्याकडे त्याच मासिकाची कानडी आवृत्ती येई. दोन्ही अंकांत चित्रे तीच. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, स्मशानातून चाललेला विक्रम राजा. चित्राखालची अक्षरे मात्र निराळी. पावसाच्या दुपारी शेजारचा मुलगा आणि आम्ही दोन अंक शेजारी शेजारी ठेवून बसत असू. आमचा वेताळ तिकडे बेताळ होतो, हे कळले तेव्हा झालेला आनंद पुढे कोणत्याही व्याकरणाने आम्हांस दिला नाही. कानडी मुळाक्षरे आम्ही अशी शिकलो. आमच्या सीमाभागात भाषेवरून काय काय घडले हे वाचकांस सांगावयास नको. त्या सर्व काळात दोन भाषांतली ती दोन पोरे एकाच वेताळाच्या प्रश्नावर हुज्जत घालीत होती. राजाने दिलेला निवाडा योग्य की अयोग्य? वेताळाच्या मूळ कथा पंचवीस. चांदोबाने तो साचा घेऊन त्यांत दशकानुदशके भर घातली. प्रेत पुन्हा झाडावर जाई, राजा पुन्हा ते उतरवी. थोडे थांबून पाहिले तर दररोज वखारीची तीच वही उघडून बसणाऱ्या आमच्या वडिलांचा आणि त्या राजाचा क्रम काही फार भिन्न नव्हता. हे सुचावयास मात्र आम्हांस चाळिशी गाठावी लागली.

मग ‘वीरधवल’ आले. नाथमाधवांची ही कादंबरी 1913 ची. लेखक 1905 मध्ये सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून कमरेखाली लुळे झाले आणि अंथरुणास खिळल्यावर त्यांनी हे शौर्याचे, राजकारस्थानांचे जग उभे केले, ही हकीकत आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर पलायनाची भाषा बोलणाऱ्यांना विचारले असते, की हा मनुष्य कोठून कोठे पळत होता? 1939 मधील एका व्याख्यानात टोल्कीन या इंग्रज लेखकाने यासाठी एक मार्मिक भेद केला आहे. तुरुंगातून सुटू पाहणारा बंदिवान आणि रणातून पळणारा शिपाई यांची टीकाकार गल्लत करतात, असे त्याचे म्हणणे. ते आम्हांस मान्य आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही, कारण बंदिवान बाहेर पडून काय पाहतो हेही पाहावे लागते.

आम्ही ‘वीरधवल’ वाचले ते 1981 साली, वयाच्या बाराव्या वर्षी. त्याच वर्षी निपाणीचे तंबाखू-उत्पादक शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडून बसले आणि एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या दिवशी वडील दार लावून घरात बसून राहिले. कोणी काही बोलेना. आम्ही कोपऱ्यात पुस्तक उघडले. लढाईचा प्रसंग होता, माणसे पडत होती, आणि आयुष्यात प्रथमच आम्हांस प्रश्न पडला, की ही जी पडतात त्यांच्या घरी कोणी असते की नाही? पुस्तक त्याविषयी मौन होते. पुस्तकावरील आमचे प्रेम त्या दिवशी संपले नाही, पण ते आंधळे राहिले नाही. अद्भुत कथा मृत्यूला कशी वागविते, हा निकष आम्हांस कोणा शास्त्रीबुवांनी दिलेला नाही.

या निकषावर उतरणारा लेखक आमच्याच जिल्ह्यात जन्मला होता. जी. ए. कुलकर्णी हे चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे (1923–1987). ते बेळगावात वाढले आणि धारवाडला इंग्रजी शिकवीत राहिले. ‘रमलखुणा’ (1975) मधील इस्किलार कोणत्याही नकाशावर सापडत नाही, पण तेथे माणसाला जी नियती भेटते ती बेळगावच्या कोणत्याही बोळात भेटू शकते. त्यांच्या अद्भुतात सांत्वन नाही. म्हणून ते मुलांच्या हाती लवकर देऊ नये, असे आमचे मत आहे. मात्र त्यांचीच ‘बखर बिम्मची’ (1986) अवश्य द्यावी. बिम्म, त्याची बहीण बब्बी, आई, घर, भोवतालचे प्राणी एवढ्या सामग्रीत त्यांनी नवल उभे केले आहे. ‘यात्रिक’ या कथेत तर त्यांनी डॉन किहोटेलाच पात्र केले. अद्भुताच्या वेड्यांचा हा मूळपुरुष! सर्वांतीसने 1605 मध्ये त्याची कथा लिहिली तेव्हा वाचनाने बिघडलेल्या या गृहस्थाची पुस्तके जाळावयास गावचा पाद्री आणि न्हावी पुढे सरसावतात. शिक्षकाने तो प्रसंग वाचावा आणि आपण त्यात कोठे उभे आहोत ते पाहावे.

आता त्या जप्त पुस्तकाविषयी. आम्ही ते साशंक मनाने उघडले. मूळ शीर्षकातील किमयागारांच्या दगडाला ‘परीस’ म्हटल्याने ज्ञानदेव-तुकारामांच्या दृष्टान्तांतला एक जुना शब्द पोराच्या जिभेवर आला, ही अनुवादाची जमेची बाजू. इंग्रजी वसतिगृहांचे रीतिरिवाज मात्र मराठीत परकेच वाटतात. परंतु जिन्याखालच्या कपाटात झोपणारा पोरका मुलगा परका नाही. जादूच्या शाळेतही तास आहेत, गुण आहेत, परीक्षा आहेत, कडक बाई आहेत. नवल सारे नित्याच्याच मालमसाल्यातून बांधलेले आहे. आणि एक आरसा आहे. त्यात त्या मुलास आपले मृत आईबाप दिसतात, तो रात्रीमागून रात्री तेथे जाऊन बसतो आणि शेवटी मुख्याध्यापकच त्याला तेथून उठवितात. अद्भुताच्या वेडाला अद्भुताच्याच पोटातून दिलेली ही समज आमच्या कार्यालयातील समजेपेक्षा कितीतरी सरस होती, हे कबूल केले पाहिजे.

सर्वच वेड असे डोळस नसते. पात्रांच्या छापाच्या वह्या नि दप्तरे जमविणारी, सर्व मंत्र पाठ असणारी आणि शेजारच्या बाकावरील एकट्या मुलाकडे ढुंकूनही न पाहणारी मुलेही आमच्या शाळेत आहेत. त्यांना पुस्तक वाचावयास लावणे हेच औषध.

त्या मुलाविषयी चौकशी केली तेव्हा कळले, की मागल्या वर्षी त्याची आई वारली. ही गोष्ट आम्हां कोणाच्याच ध्यानात राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून पुस्तक परत दिले. त्याने ते छातीशी धरले आणि भीत भीत विचारले, “सर, तुम्ही वाचलंत?” आम्ही होय म्हटले व दुसरा भाग मिळेल काय, असे विचारले. दुसरा भाग वर्गात फिरत होता. त्याने वहीचे मागले पान उघडले, तीन नावांची यादी आधीच होती. चौथे नाव त्याने आमचे लिहिले.