शब्दांविना ऑपेरा : बँड-रूपांतरे आणि मूळ कृतीची संकल्पना

कलाकृतीच्या रूपांतराचा विचार करताना समीक्षा बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जाऊन थांबते. एका टोकाला रूपांतर हे मूळ कृतीची उणी प्रत ठरते आणि समीक्षकाचे काम केवळ उणीव मोजण्यापुरते उरते. दुसऱ्या टोकाला ते लोकरुचीचा दस्तऐवज ठरते. मग त्याचे मोल समाजशास्त्रीय असते, कलात्मक नव्हे. ऑपेरातील संगीताची सुषिर व पितळी वाद्यांच्या बँडसाठी केलेली रूपांतरे ह्या दोन्ही दृष्टींना सारखीच बळी पडली आहेत. संगीताच्या इतिहासकारांनी त्यांचा उल्लेख तळटीपेत केला आणि कामगार-संस्कृतीच्या अभ्यासकांनी त्यांतील संगीताविषयी फारसे न बोलता वादकांविषयी पुष्कळ लिहिले. ऑपेरातून शब्द, गायक आणि रंगमंच काढून घेतल्यावर जे उरते ते नाट्य असते का, आणि असल्यास ते कोठे वसते, हा मूलभूत प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहिला.

हा प्रश्न ऑपेराच्या बाहेरून आलेला नाही. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’च्या (प्राग, १७८७) अखेरच्या अंकात नायक भोजनास बसला असता रंगमंचावर सुषिर वाद्यांचा एक लहानसा वृंद वाजत असतो. तो वाजवतो ते ऑपेरांचेच संगीत : प्रथम मार्तीन इ सोलेर, मग सार्ती आणि शेवटी खुद्द मोझार्टच्या ‘फिगारो’तील (१७८६) सैन्यात निघालेल्या केरुबिनोची थट्टा करणारे गीत. हे सूर ओळखतो तो लेपोरेलो हा नोकर, आणि शेवटचे गीत तर आपल्याला चांगलेच परिचयाचे असल्याचे तो बोलून दाखवतो. मालक जेवतो आहे, नोकर चोरून घास घेतो आहे आणि त्याच वेळी संगीताची जाण नोकराच्या तोंडून व्यक्त होते आहे. बँड-रूपांतराच्या श्रोत्याचे साहित्यातील हे आद्य चित्र मानण्यास हरकत नाही. गायकाविना, शब्दांविना, जेवणाच्या पार्श्वभूमीवर वाजणारे गीत पूर्वस्मृतीच्या बळावर अर्थवान होते, हे तेथे नाट्यवस्तूच्या आतच दाखवले गेले आहे.

मोझार्टला ह्या व्यवहाराची व्यावहारिक बाजूही ठाऊक होती. २० जुलै १७८२ रोजी वडिलांना लिहिलेल्या पत्रात, नुकत्याच रंगभूमीवर आलेल्या आपल्या ऑपेराचे सुषिर वाद्यांसाठी रूपांतर त्वरेने करावयाचे आहे, नाहीतर दुसरा कोणी ते करून नफा घेईल, अशी चिंता तो व्यक्त करतो. मूळ कृती आणि तिचे रूपांतर ह्यांच्यातील अंतर येथे काही दिवसांचे आहे. रूपांतर हे कृतीच्या उत्तरायुष्यातच घडते ही समजूत त्यामुळे ढिली होते.

व्हेर्दीच्या ऑपेरांत ही सीमारेषा आणखी पुसट होते. ‘रिगोलेत्तो’च्या (१८५१) आरंभी ड्यूकच्या महालातील नृत्यसंगीत पडद्यामागील बँड वाजवतो, ‘ला त्राव्हियाता’च्या (१८५३) पहिल्या अंकातही तसा बँड आहे. अशा बँडचा भाग व्हेर्दी, तत्कालीन इटालियन प्रथेनुसार, पुष्कळदा दोन ओळींच्या संक्षिप्त स्वरलिपीत लिहीत असे. कोणत्या वाद्याने काय वाजवावे हे ठरविण्याचे काम त्या त्या गावच्या बँडमास्तरावर सोडलेले असे. म्हणजे जिला ‘मूळ संहिता’ म्हणून प्रमाण मानले जाते, तिच्यातच रूपांतरकारासाठी राखलेली जागा आहे. संहितेची पूर्णता ही पुढील काळातील संपादकीय दृष्टीने तिच्यावर लादलेली कल्पना असून, ऑपेराच्या प्रत्यक्ष व्यवहारात ती तितकीशी प्रभावी नव्हती, असा निष्कर्ष ह्यातून निघतो.

ह्या भूमिकेविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप आडोर्नोचा आहे. संगीताच्या वस्तुपूजक स्वरूपाविषयी व श्रवणाच्या प्रतिगमनाविषयी १९३८ साली लिहिलेल्या निबंधात त्याने रूपांतरांवर थेट हल्ला चढवला. रूपांतर कृतीच्या साकल्यातून आकर्षक तुकडे अलग काढते. तुकडा परिचित होतो, परिचयालाच आस्वाद मानले जाते आणि श्रोता रचनेचा तर्क ऐकण्याची क्षमता गमावून बसतो, हे त्याचे म्हणणे. मराठी वाचकाला ह्या आक्षेपाचे मर्म समजणे कठीण नाही. नाटकातून सुटून मैफलीत गेलेले नाट्यपद प्रसंगाचे भान हरवून केवळ रागविस्ताराचे निमित्त होते, ही तक्रार त्याच्या कानावरून गेलेली आहे. ऑपेराच्या लोकप्रिय चालींची माळ ओवणाऱ्या ‘सिलेक्शन’ ह्या बँड-प्रकाराला तर हा आक्षेप शब्दशः लागू पडतो. प्रसंगांचा क्रम तेथे मोडलेला असतो आणि शोकगीतानंतर द्रुत गतीचा समारोप येतो तो नाट्याच्या गरजेने नव्हे, कार्यक्रमाच्या गरजेने.

तथापि आडोर्नोच्या मांडणीत एक गृहीत आहे : रूपांतराचा संबंध केवळ ऐकणाऱ्याशी येतो. इंग्लंड-वेल्समधील पितळी बँडांचा इतिहास ह्या गृहीताला छेद देतो. मर्थर टिडफिल येथील लोखंडाच्या कारखान्याचा मालक रॉबर्ट टॉम्प्सन क्रॉशे ह्याने १८३८ मध्ये उभा केलेला सायफार्थ्फा बँड, किंवा यॉर्कशरमधील कापडगिरणीच्या आश्रयाने १८५५ मध्ये नावारूपास आलेला ब्लॅक डाइक बँड, ह्यांच्या संग्रहात ऑपेरातील संगीताला मोठे स्थान होते. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात १८५३ पासून भरू लागलेल्या स्पर्धांत कसोटीची रचना म्हणून ऑपेरातील निवडक भागच प्रामुख्याने दिले जात. परीक्षकांना बँड दिसू नये म्हणून त्यांना आडोशाला बसवण्याची पद्धत रूढ झाली. दिवसभर गिरणीत राबलेला कामगार संध्याकाळी तालमीला बसे आणि एकाच रचनेवर आठवडेच्या आठवडे काम करी. त्याला ऑपेराचा केवळ ग्राहक म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

येथे वादकाच्या हातातील वहीचे स्वरूप लक्षात घेणे अगत्याचे आहे. पितळी बँडमध्ये कॉर्नेटपासून सर्वांत खालच्या बास वाद्यापर्यंत झडपांची सर्व वाद्ये एकाच स्वरचिन्हात लिहिली जातात, त्यामुळे बोटांची रीत सर्वत्र सारखीच राहते. वादक गरजेनुसार एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. परंतु प्रत्येकाच्या वहीत केवळ त्याचा स्वतःचा भाग असतो. तिसऱ्या कॉर्नेटच्या किंवा दुसऱ्या टेनर हॉर्नच्या वादकाला व्हेर्दीची प्रसिद्ध चाल स्वतः वाजवायला मिळत नाही. त्याला मिळतात साथीचे स्वर, लयीचे ठोके, सुसंवादातील मधले स्थान आणि मोजून पाळावयाचे विराम. चालीखाली काय चालले आहे, कोणता स्वर कोठे ताण निर्माण करतो, गायकाने श्वास घ्यावा म्हणून संगीत कोठे थांबते, हे त्याला देहाने ठाऊक असते. पेटीत बसून नायिकेकडे पाहणाऱ्या रसिकाला जे सहसा ऐकू येत नाही, ते त्याला प्रथम ऐकू येते. आडोर्नो ज्या रचनातर्काच्या श्रवणाचा आग्रह धरतो, त्याचा एक प्रकार ह्या मधल्या वादकांना साधला होता; मात्र त्यांनी त्याविषयी लिहून ठेवले नाही.

रूपांतर हे वाचन आहे ह्या विधानाची कसोटी एखाद्या प्रवेशावर लावून पाहिली पाहिजे. ‘रिगोलेत्तो’च्या तिसऱ्या अंकातील चौकडीत खानावळीच्या आत ड्यूक आणि मादालेना आहेत, बाहेर अंधारात रिगोलेत्तो आणि जिल्दा. ड्यूकची ओळ रुंद व आर्जवी, मादालेनाचे स्वर तुटक व हसरे, जिल्दाचे हुंदक्यांनी खंडित, रिगोलेत्तोचे खालच्या पट्टीत दबलेले. व्यक्तिभेद येथे शब्दांइतकाच स्वररेषेच्या घडणीत वसलेला आहे, म्हणूनच ही चौकडी शब्द काढून घेतल्यावरही कोसळत नाही. रूपांतरकारापुढचा प्रश्न वाद्य निवडण्याचा असतो. एका जातीच्या ध्वनीत मिसळून जाणाऱ्या इंग्रजी पितळी बँडमध्ये चार व्यक्ती वेगळ्या ठेवायच्या तर उच्चारभेदावर भर द्यावा लागतो. इटालियन बांदाने दुसरा मार्ग घेतला. तेथे फ्लिकोर्नो ह्या मृदू ध्वनीच्या पितळी वाद्यांचे कुटुंबच गायकांच्या जागी उभे केले जाई : स्त्रीकंठाला सोप्रानो, पुरुषकंठांना तेनोरे व बारितोनो, आणि क्लॅरिनेटांचा ताफा वाद्यवृंदातील व्हायोलिनांचे काम करी. १८८५ पासून रोमच्या नगरबँडचे नेतृत्व करणाऱ्या अलेस्सांद्रो व्हेस्सेल्ला ह्याने ह्या वाद्ययोजनेला शास्त्रीय शिस्त लावली आणि पियात्सा कोलोन्नातील खुल्या मैफलींतून वाग्नरचे संगीतही सामान्य नागरिकांपर्यंत नेले. कोणता ध्वनी कोणत्या व्यक्तीचा, हे ठरविणे म्हणजे त्या व्यक्तीविषयी मत बनविणेच होय.

परंतु ह्या वाचनाला मर्यादा आहेत. ‘रिगोलेत्तो’च्याच अखेरीस, पोत्यात शत्रूचे प्रेत आहे असे समजून सुखावलेल्या बापाला दुरून ड्यूकचे चंचल स्त्रियांविषयीचे गाणे ऐकू येते आणि पोत्यात दुसरेच कोणी आहे हे त्याला उमगते. चाल तीच, बेफिकीर व हलकी; तिचे भयानक होणे सर्वस्वी प्रसंगावर अवलंबून आहे. बँडच्या माळेत ती पुन्हा केवळ बेफिकीर होते. स्वररेषेत कोरलेले नाट्य रूपांतरातून तरते. स्वररेषा आणि प्रसंग ह्यांच्या विसंगतीतून निर्माण होणारे उपरोधाचे नाट्य तरत नाही. श्रोत्याला कथा ठाऊक असेल तर तो ती मनाने भरून काढतो, पण मग ते श्रोत्याचे कर्तृत्व ठरते.

‘ला त्राव्हियाता’च्या संदर्भात ह्या मर्यादेला नैतिक बाजूही आहे. १८५६ मध्ये हा ऑपेरा लंडनमध्ये आला तेव्हा गणिकेला नायिका केल्याबद्दल वृत्तपत्रांतून वादंग माजला. शब्द गळताच त्या संगीतातील आक्षेपार्ह भागही गळतो आणि व्हियोलेत्ताची विनवणी उद्यानातील कुटुंबवत्सल श्रोत्यांसमोर निर्वेध वाजू शकते. ज्या काळी हे बँड जवळजवळ सर्वस्वी पुरुषांचे होते, त्या काळी एका बहिष्कृत स्त्रीचा कंठ पुरुषाच्या हातातील कॉर्नेटमधून येई, आणि तिला बहिष्कृत का व्हावे लागले हा प्रश्न मात्र ऐकू येत नसे. इटलीतील सामान्य माणसाच्या जीवनात ऑपेराने लोकप्रिय कादंबरीची जागा घेतली असे ग्रामशीने तुरुंगातील टिपणांत नोंदवले आणि त्यातून येणाऱ्या नाटकी भावनाशीलतेविषयी नाराजीही व्यक्त केली. बँडने लोकांना ऑपेरा दिला हे खरे. कोणता ऑपेरा दिला हेही विचारले पाहिजे.

१९१३ मध्ये क्रिस्टल पॅलेस येथील राष्ट्रीय स्पर्धेसाठी पर्सी फ्लेचरची ‘लेबर अँड लव्ह’ ही बँडसाठीच लिहिलेली रचना निवडली गेली. पुढे होल्स्ट (१९२८) व एल्गार (१९३०) ह्यांच्या रचना आल्या आणि कसोटीच्या रचनेवरील ऑपेराचे वर्चस्व ओसरले. स्वतंत्र साहित्याचा आरंभ म्हणून फ्लेचरच्या रचनेचा गौरव होतो. तरी तिची घडण पाहिली असता एकल वाद्यांची संभाषणवजा पठणे, त्यांमागून येणारी गेय एकलगीते आणि वेगवान समारोप हा सारा साचा ऑपेराच्या सिलेक्शनचाच आहे. साठ वर्षे दुसऱ्याची भाषा बोलून बँडने स्वतःचे पहिले महत्त्वाचे वाक्य उच्चारले ते त्याच भाषेच्या व्याकरणात. रूपांतर जर निव्वळ ऱ्हास असते, तर त्यातून रचनेची अशी नवी शक्यता निघाली नसती.

म्हणून बँड-रूपांतराच्या मूल्यमापनात इमान किंवा लोकप्रियता ह्यांपैकी कोणताही निकष पुरेसा नाही. रूपांतरकाराने नाट्याचा कोणता अंश स्वररेषेत ओळखला, कोणत्या व्यक्तीला कोणता ध्वनी दिला आणि शब्दांबरोबर काय नाहीसे होऊ दिले, ह्या तीन प्रश्नांनी ते तपासले पाहिजे. त्यासाठी मुद्रित पूर्ण स्वरलिपीइतकेच महत्त्व वादकांच्या सुट्या वह्यांना द्यावे लागेल. सायफार्थ्फा बँडच्या अशा हस्तलिखित वह्या टिकून आहेत. संगीताच्या समीक्षेने त्या पुराव्याच्या कागदांसारख्या न हाताळता संहिता म्हणून वाचल्या, तर ऑपेराच्या इतिहासात ज्यांना केवळ श्रोते म्हणून जागा मिळाली, त्यांचे वाचन कसे होते हे काही अंशी कळू शकेल.