खलवंशातील सज्जन : बिभीषण, प्रल्हाद आणि बळी

चंडीगडच्या मैदानांवर दसऱ्याला रावण, मेघनाद आणि कुंभकर्ण यांचे पुतळे जाळले जातात. बिभीषणाचा पुतळा नसतो; तो रामाच्या पक्षाला मिळालेला असतो. तरीही उत्तरेकडील लोकोक्तीत त्याची आठवण निघते ती लंका बुडविणारा घरभेदी म्हणूनच. मराठवाड्यात मात्र मुलाचे नाव बिभीषण ठेवलेले आढळते. दुष्ट मानलेल्या वंशातील सज्जनाविषयीची ही द्विधा अद्भुतकथेच्या तौलनिक विचारात महत्त्वाची ठरते.

आधुनिक इंग्रजी अद्भुत कादंबरीत या पात्राचा ठळक नमुना म्हणजे आर. ए. साल्व्हातोर यांचा ड्रिझ्ट. 'द क्रिस्टल शार्ड' (१९८८) या कादंबरीतून वाचकांसमोर आलेला हा कृष्णवर्णी नायक आपल्या ज्ञातीचे क्रूर भूमिगत नगर सोडून वर आलेला आहे. बिभीषणाप्रमाणेच त्यालाही सज्जन ठरण्यासाठी वंशत्याग करावा लागतो. आणि त्याच्या जाण्याने मागे उरलेल्यांच्या दुष्टतेवर अधिकच शिक्कामोर्तब होते. सहानुभूतीचा देखावा असूनही ही रचना मूलतः वंशवादीच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याहून निराळी शक्यता महात्मा जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'त (१८७३) दिसते. प्रल्हाद आणि बळी हे पुराणांप्रमाणे आजा-नातू. दोघेही असुरकुलातील सज्जन. फुले मात्र त्यांची फारकत करतात. नरसिंहाने ब्राह्मण शिक्षकाकरवी प्रल्हादाच्या कोवळ्या मनावर आपल्या धर्माची छाप पाडली व त्याला पित्याविरुद्ध फिरविले, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणजे परंपरेने ज्याला भक्ती म्हटले, तेच येथे मतांतर ठरते. बळीचे तसे नाही. तो वंश सोडत नाही. फुल्यांच्या वाचनात खंडोबा, जोतिबा हे त्याच्याच राज्यातील अधिकारी होत. त्यामुळे बळी एकाकी अपवाद उरत नाही, त्याच्याभोवती एक समूची सज्जन राज्यव्यवस्था उभी राहते. दिवाळीत ओवाळताना मराठी घरांतून बळीचे राज्य येवो, अशी इच्छा व्यक्त होते. ती व्यक्तीच्या नव्हे, राज्याच्या पुनरागमनाची आहे, ही बाब फुल्यांनी नेमकी हेरली होती.

या उलथापालथीत खलवंशाची कल्पना मात्र नाहीशी होत नाही. तिची जागा बदलते. वामन, परशुराम हे आता आक्रमक वंशाचे पुरुष होतात आणि त्यांच्यात सज्जन शोधण्याची तसदी फुले घेत नाहीत. टीकाकारांनी हे न्यून मानले तर ते अकारण नव्हे. परंतु याच ग्रंथाची अर्पणपत्रिका नजरेआड करून चालणार नाही. निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्यात औदार्य व स्वार्थत्याग दाखविणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना हा ग्रंथ अर्पण केलेला आहे आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा तेथे व्यक्त झाली आहे. हे सत्पुरुष दास बाळगणाऱ्या समाजाचेच घटक होते. त्यांनी वंश सोडला नव्हता. मिथकाच्या कथनात प्रल्हादाला नाकारलेली जागा फुल्यांनी इतिहासात त्यांना दिली.