ॲरिस्टॉटलचा आत्मविचार आणि थॉमस अक्वायनस

ग्रीक तत्त्वज्ञानाने कॅथलिक ईश्वरविद्येस आधार पुरविला, असे विधान वारंवार करण्यात येते. त्या आधाराने विरोध किती केला, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आत्म्याच्या प्रश्नाबाबत तर हा विरोधच अधिक फलदायी ठरला आहे.

प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादातील आत्मा देहबंधनातून सुटण्याची वाट पाहतो; अमरत्वाच्या श्रद्धेस तो सहज मानवतो. ॲरिस्टॉटलची भूमिका अगदी निराळी आहे. जीवनक्षम नैसर्गिक देहाची प्रथम सिद्धावस्था, असे आत्म्याचे लक्षण तो करतो. मेण आणि मेणाचा आकार एकच की निराळे, हे विचारणे जसे व्यर्थ, तसेच देह व आत्मा यांविषयी. (मराठीत ‘आत्मा’ म्हणताच उपनिषदांतील अर्थ मनात उभा राहतो आणि घोटाळा होतो, ॲरिस्टॉटलच्या मते वनस्पतीलाही आत्मा असतो.)

मग मेणावाचून आकार टिकावा कसा? अक्वायनसचा खरा कस येथे लागतो. बुद्धी सर्व मानवांत मिळून एकच आहे, हे इब्न रुश्दचे मत पॅरिसमध्ये काहींनी उचलले होते. त्यात व्यक्तीच्या अमरत्वास जागाच उरत नव्हती. 1270 मध्ये त्याविरुद्ध लिहिलेल्या प्रबंधात अक्वायनसने, विचार करतो तो हा विशिष्ट माणूसच, या अनुभवावर भर दिला. हे खंडन बिनतोड आहे. परंतु बुद्धीची क्रिया कोणत्याही देहेंद्रियाची नव्हे, म्हणून आत्मा देहाविना टिकू शकतो, हा त्याचा पुढील युक्तिवाद तितका भक्कम नाही. ज्या ग्रंथावर तो उभारला आहे, त्यातील बुद्धीविषयक ओळी अतिशय त्रोटक आणि संदिग्ध आहेत. येथे अक्वायनस ॲरिस्टॉटलच्या पुढे गेला, असेच म्हणावे लागते.

तथापि मूळ सिद्धांत त्याने सोडला नाही. देहावाचून उरलेला आत्मा म्हणजे पूर्ण माणूस नव्हे, असे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावरील भाष्यात तो स्पष्ट सांगतो. परिणामी देहाचे पुनरुत्थान ही आत्म्याच्या अमरत्वास जोडलेली पुरवणी न राहता त्याच्या मानवविचाराची गरज बनते. प्लेटोच्या मार्गाने जाऊन ही गरज कधीच जाणवली नसती. 1312 मध्ये व्हिएनच्या धर्मपरिषदेनेही बुद्धियुक्त आत्मा हा देहाचा आकार होय, असे घोषित केले.

देकार्तने मन व देह यांची फारकत केली. त्या द्वैतावर गिल्बर्ट राइल याने 1949 मध्ये कठोर टीका केल्यानंतरच्या दशकांत अनेक विचारवंत पुन्हा ॲरिस्टॉटलकडे वळले. मात्र माइल्स बर्निएट याचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही: ॲरिस्टॉटलचे सजीव द्रव्य स्वभावतःच संवेदनक्षम होते, आधुनिक भौतिकीचे द्रव्य तसे नाही, तेव्हा त्याचा आत्मविचार आज स्वीकारताच येत नाही. हा आक्षेप मान्य केला तर अक्वायनसचा ‘आकार’ही त्याच्या कक्षेत येतो. नव-थॉमसवादी लेखनात 1879 च्या पोपच्या परिपत्रकाचा आदरपूर्वक उल्लेख सर्वत्र सापडतो. या आक्षेपाचे उत्तर मात्र द्रव्याच्या कल्पनेपासूनच सुरू करावे लागेल.