उतारा आणि रचना : प्रोग्रेसिव्ह रॉकमधील एकल कलावंत व संकलित ध्वनिमुद्रिका

१

संकलन हा प्रकार वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. प्रातिनिधिक कवितासंग्रह हाती आला की त्यातील निवड, क्रम आणि प्रस्तावना या तिन्हींची चिकित्सा करण्याची सवय मराठी समीक्षेला आहे. संपादकाने कोणाला घेतले, कोणाला वगळले, घेतलेल्या कवीची कोणती बाजू दाखविली आणि कोणती झाकली, यावर वाद झडले आहेत आणि त्या वादांतून काव्यविचार पुढेही गेला आहे. संगीताच्या संकलित ध्वनिमुद्रिकांच्या वाट्याला मात्र अशी चिकित्सा क्वचितच येते. विक्रीचे एक साधन किंवा नव्या कलावंतांची ओळखपत्रिका, एवढ्यापुरताच त्यांचा विचार होतो. ही उपेक्षा इतर संगीतप्रकारांत एक वेळ खपून जाईल. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या बाबतीत ती खपण्यासारखी नाही.

याचे कारण त्या प्रकाराच्या घडणीतच आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रूढ झालेल्या या संगीताने लोकप्रिय गीताची तीन मिनिटांची चौकट मोडली. अनेक खंडांची दीर्घ रचना, बदलती लयबद्धता, आरंभीच्या स्वरवाक्याचा दूर अंतरावर होणारा पुनरागम आणि तबकडीची संपूर्ण बाजू व्यापणारी कल्पना ही त्याची लक्षणे होत. डॉ. अशोक दा. रानडे यांनी केलेल्या कोटींच्या भाषेत बोलावयाचे तर जनसंगीताच्या घरात जन्मून कलासंगीताच्या अंगणात वावरण्याची आकांक्षा येथे दिसते. ज्या संगीताचा अर्थ विस्तारात आहे त्याचा एक तुकडा उचलून इतर दहा तुकड्यांच्या शेजारी ठेवला तर त्याचे काय होते, हा संकलनाचा मूळ प्रश्न होय. सारी वाद्ये स्वतः वाजवून वा योजून एकट्याच्या नावाने रचना सिद्ध करणाऱ्या कलावंताच्या संदर्भात तो अधिकच तीव्र होतो. बँडला रंगमंचावर दुसरे आयुष्य मिळते. एकल कलावंताचे बहुतेक अस्तित्व ध्वनिमुद्रणातच असते.

२

या संगीताची आरंभीची संकलने व्यापारी गरजेतूनच निघाली. १९६८ साली सी.बी.एस. कंपनीने ‘द रॉक मशीन टर्न्स यू ऑन’ ही तबकडी नेहमीच्या तबकडीच्या सुमारे निम्म्या किमतीत इंग्लंडच्या बाजारात आणली. १९६९ मध्ये आयलंडची ‘नाइस इनफ टु ईट’ आणि डेक्काची ‘वॉवी झॉवी! द वर्ल्ड ऑफ प्रोग्रेसिव्ह म्युझिक’ या तबकड्या आल्या. कापडाच्या दुकानातील नमुन्याच्या चिंध्यांशी त्यांची तुलना करता येईल. चिंधी पाहून ठाण घ्यावे, ही अपेक्षा. त्यात लबाडी नव्हती, कारण ठाण दुकानात उपलब्ध होते. नमुना आणि मूळ वस्तू यांच्यातील अंतर श्रोता स्वतः ओलांडू शकत असे.

हे अंतर ओलांडले गेले नाही तर काय होते याचा बोलका दाखला एकल कलावंताच्याच कृतीत सापडतो. माइक ओल्डफील्ड यांची ‘ट्युब्युलर बेल्स’ ही व्हर्जिन कंपनीची पहिली तबकडी १९७३ च्या मे महिन्यात प्रकाशित झाली. दोन बाजू, दोन अखंड भाग, एकूण अवधी पाऊण तासाहून अधिक, आणि बहुतेक वाद्ये एकाच तरुणाने वाजविलेली. त्याच वर्षीच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ या चित्रपटात तिच्या आरंभीचा अंश वापरला गेला आणि अमेरिकेत रचनाकाराच्या संमतीवाचून काढलेली छोटी तबकडी १९७४ साली विक्रीच्या क्रमवारीत सातव्या स्थानापर्यंत पोहोचली. ज्या आवर्तनावर पुढे एक एक वाद्य चढत जावयाचे होते, त्या पायालाच असंख्य श्रोत्यांनी इमारत मानले. रचनेच्या हेतूशी भयपटाचा काही संबंध नसताना ते स्वर भीतीचे चिन्ह होऊन बसले. उतारा प्रसिद्धी देतो, पण त्याबरोबर मूळ रचनेवर एक परका अर्थही लादू शकतो, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

३

मुंबईचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. येथे चिंधी होती, पण ठाणच नव्हते. सिमला या सिगारेटच्या प्रचारासाठी तंबाखू कंपनीने भरविलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतून १९७० व १९७१ अशा दोन वर्षांच्या संकलित तबकड्या निघाल्या. शिलाँगचे फेंटोन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर यांसारखे दूरदूरचे बँड त्यांत एकत्र आले. मुंबईच्या ज्या बँडांची नावे या स्पर्धेच्या काळाशी निगडित आहेत त्यांत वेलव्हेट फॉग हा एक. पुढे ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे मराठी प्रेक्षकांस परिचित झालेले नंदू भेंडे त्यात गात असत. या तबकड्यांतील संगीत बीट आणि सायकेडेलिक वळणाचे आहे. त्याला सर्वार्थाने प्रोग्रेसिव्ह म्हणता येणार नाही. तथापि संकलनाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वादातीत आहे.

त्यांचे दोष उघड आहेत. निवडीचे तत्त्व स्पर्धेचे; माथ्यावर नाव विक्रीच्या मालाचे; इतकेच नव्हे तर फेंटोन्सच्या एका वादनाचे शीर्षकही त्याच नावावरून घेतलेले. तरीही या दोन तबकड्या नसत्या तर त्यांतील कित्येक बँडांचा आवाज आज कोणालाही ऐकू आला नसता. परदेशी संग्राहकांनी त्या पुढे पुन्हा प्रकाशित केल्या त्या याच कारणाने. इंग्लंडमधील संकलन मूळ कृतीकडे नेणारी पायवाट होती. मुंबईतील संकलन हीच बहुधा एकमेव मूळ कृती ठरली. म्हणून एकाच मापाने दोहोंचे मोजमाप करणे अन्यायाचे होईल. जाहिरात म्हणून जन्मलेली वस्तू येथे दस्तऐवज होऊन उरली.

१९९० च्या दशकात या चित्रात एक गुणात्मक फरक पडला. अमित सैगल यांनी १९९३ साली अलाहाबादहून सुरू केलेल्या ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ या नियतकालिकाने ‘ग्रेट इंडियन रॉक’ या नावाने संकलने काढली आणि भारतीय बँडांच्या स्वतःच्या रचनांना त्यांत स्थान दिले. येथे पुरस्कर्त्याची जागा संपादकाने घेतली. वाङ्मयीन उपमा द्यावयाची तर ही संकलने प्रातिनिधिक संग्रहापेक्षा लघुअनियतकालिकाला जवळची. अशोक शहाणे यांच्या ‘असो’ने १९६३ मध्ये जे केले ते प्रस्थापितांची यादी करण्याचे काम नव्हते, ज्यांना कोठेच जागा नाही त्यांना परस्परांचे शेजारी बनविण्याचे ते काम होते. शेजार हीच संकलनाची खरी देणगी होय.

४

या शेजाराची गरज कोणाला सर्वाधिक आहे, हे समजण्यासाठी उपनगरांकडे वळावे लागते. मुंबईच्या रॉक संगीताची पीठे दीर्घकाळ शहराच्या दक्षिण टोकाला होती. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात भरत असे. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या मुलाने गिटार पाठीवर टाकून लोकलने तेथे जावे आणि शेवटची गाडी चुकण्याआधी परतावे, असा हा व्यवहार. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवन अशा कार्यक्रमांना बंद झाले, महोत्सव कालांतराने अंधेरीच्या चित्रकूट मैदानावरही आला. पवईच्या आय.आय.टी.तील ‘मूड इंडिगो’ने उपनगरी बँडांना स्पर्धेचे व्यासपीठ दिलेच होते. परंतु महोत्सव वर्षातून एकदा, आणि स्पर्धेत मिळणारा वेळ मिनिटांत मोजलेला. वीस मिनिटांची रचना घेऊन तेथे कोणी उभे राहू शकत नाही.

दुसरीकडे घाटकोपर वा अंधेरीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेत ड्रमसंच वाजविणे म्हणजे भिंतीपलीकडच्या चार कुटुंबांशी वैर पत्करणे. चौघांच्या सवडी जुळवून तासाच्या भाड्याने सरावाची खोली घ्यावी तर खर्च आणि प्रवास दोन्ही आडवे येतात. संगणकावरील ध्वनिमुद्रण आवाक्यात आल्यावर गिटारची तार थेट यंत्राला जोडावी, ड्रमचे ठेके यंत्रावर योजावेत आणि कानाला हेडफोन लावून रात्री काम करावे, ही वाट त्यामुळे स्वाभाविक ठरली. एकल प्रोग्रेसिव्ह रचनाकार हा केवळ स्वभावाने एकांतप्रिय नव्हे. काही अंशी तो जागेच्या टंचाईचे अपत्य आहे. दीर्घ रचना मैदानावर मावत नाही, ती दहा फुटांच्या खोलीत मावते, हा या शहरातील विरोधाभास लक्षणीय आहे.

या वाटेची प्रसिद्ध उदाहरणे आता उपलब्ध आहेत. झीरो या मुंबईच्या बँडमधून पुढे आलेल्या वॉरन मेंडोन्सा यांनी ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने २००७ पासून गिटारप्रधान शब्दविरहित संगीताच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. साहिल मखिजा यांनी ‘डेमनस्टीलर’ या नावाने मेटल संगीतात एकल काम केले. दिल्लीत केशव धर यांच्या खोलीत सुरू झालेला एकट्याचा उपक्रम ‘स्कायहार्बर’ या नावाने २०१२ साली दोन भागांच्या ध्वनिमुद्रिकेत परिणत झाला. एका भागात इंग्लंडच्या डॅनियल टॉम्पकिन्स यांचा, दुसऱ्यात मुंबईच्या सुनीथ रेवणकर यांचा आवाज, आणि ड्रम अमेरिकेतील अनुप शास्त्री यांचे. हे सारे काटेकोर अर्थाने प्रोग्रेसिव्ह रॉक नव्हे. पण ‘एकल’ या शब्दाचा नेमका आशय त्यांतून कळतो. तो एकटेपणाचा वाचक नसून रचनेवरील एकहाती अधिकाराचा वाचक आहे.

५

असा कलावंत संकलनात येतो तेव्हा दोन गोष्टी संभवतात. आपल्या दीर्घ रचनेतील चार मिनिटे कापून तो देतो, किंवा त्या चार मिनिटांसाठी स्वतंत्र रचना करतो. पहिला उतारा, दुसरी रचना. संकलनाच्या मूल्यमापनात हा भेद सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे.

संक्षेप म्हणजे ऱ्हासच, असे समजण्याचे कारण नाही. मराठी रसिकाला याचे प्रत्यंतर घरचेच आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर उलगडणारा ख्याल त्यात बसणार नाही, हे उघड होते. तरीही उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या हे मैफलीचे तुकडे वाटत नाहीत. मर्यादेचा स्वीकार करून रागाचे मर्म पहिल्या काही स्वरांतच उभे करण्याची वेगळी शिस्त त्यांत आहे. तेथे गायकाने वेळ कापला नाही. वेळाच्या मापाने रचना घडविली. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या एकल कलावंतालाही हाच मार्ग मोकळा आहे. बदलती लय, स्वरवाक्याचा पुनरागम, विरोधी खंडांची जुळणी ही सारी तंत्रे पाच मिनिटांतही साधता येतात. मात्र त्यासाठी पाच मिनिटांचाच विचार करावा लागतो. आवाज हळूहळू विरवून मध्येच संपणारा अंश ही या विचाराच्या अभावाची खूण होय.

यातून संकलकावरही काही जबाबदाऱ्या येतात. निवडीचे तत्त्व त्याने प्रस्तावनेत सांगितले पाहिजे. दिलेला भाग उतारा असल्यास मूळ रचनेचे नाव आणि लांबी नोंदविली पाहिजे. कोणती वाद्ये कलावंताने स्वतः वाजविली, कोणती यंत्रावर योजली आणि कोणी साहाय्य केले, ही माहिती एकल कृतीत केवळ शिष्टाचाराची नसते. ती कृतीच्या आकलनाचा भाग असते. ‘प्रोग’ या इंग्रजी मासिकाने २००९ पासून अंकासोबत संकलित तबकड्या दिल्या, तेव्हा निदान छापील पानांचा आधार तरी त्यांच्या सोबत होता. ज्या संकलनाला असा आधार नाही ते ऐकले जाईल, पण अभ्यासले जाणार नाही.

आणि जबाबदारी समीक्षकाचीही आहे. सिमला बीटच्या बँडांविषयी आज जे बोलले जाते ते मुख्यतः त्या दोन तबकड्यांच्या आधारे, कारण दुसरा पुरावा विरळ आहे. उपनगरांतील आजच्या एकल रचनाकाराच्या बाबतीत ही सबब चालणार नाही. त्याची पूर्ण कृती अस्तित्वात असते. ती मागवून ऐकणे शक्य असते. उताऱ्यावरून कवीचा निकाल लावू नये, हा नियम वाङ्मयाच्या वर्गात विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकविला जातो. बोरिवलीच्या एका खोलीत वर्षभर रात्री जागून उभी केलेली चाळीस मिनिटांची रचना चार मिनिटांच्या अंशावरून निकालात काढली जाणार असेल, तर दोष त्या संकलनाचा नव्हे. त्याला दरवाजाऐवजी घर समजणाऱ्याचा आहे.