सुरांचे सोवळे

कलेला जात नसते, असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. दलित लेखकाने जातीचा उच्चार केला की 'कलेत हे आणू नका' अशी समज त्याला दिली जाते. हा दावा तपासण्यासाठी मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो. नाताळ ते नववर्ष हा युरोपात मैफलींचा हंगाम. त्यातली सर्वांत गाजलेली मैफल १ जानेवारीला व्हिएन्नात होते. १८४२ साली स्थापन झालेला व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद तीत स्ट्राउस घराण्याचे वॉल्ट्झ वाजवतो आणि जगभर ते दूरदर्शनवर पाहिले जाते.

वादन उत्तम असते. दुसरा ठोका किंचित आधी टाकून वॉल्ट्झला जो झोका दिला जातो, त्याचा आनंद मलाही होतो. तो मी नाकारत नाही. माझा प्रश्न या सुरांभोवती पाळल्या गेलेल्या सोवळ्याचा आहे.

ही मैफल प्रथम झाली ३१ डिसेंबर १९३९ रोजी, नाझी राजवटीत. तिचे उत्पन्न नाझींच्या हिवाळी मदतनिधीला गेले. ज्यू वादकांना १९३८ सालीच हाकलले होते. त्यांपैकी पाच जण छळछावण्यांत व घेट्टोंत मेले. १९४२ साली १२३ पैकी ६० वादक नाझी पक्षाचे सभासद होते. इतिहासकारांचा हा अहवाल वाद्यवृंदाने प्रसिद्ध केला तो २०१३ साली. गंमत अशी की, ज्या योहान स्ट्राउसचे संगीत अस्सल जर्मन म्हणून वाजत होते, त्याचे पणजोबा जन्माने ज्यू होते. नाझींनी चर्चच्या विवाहनोंदीतच फेरफार केला. शुद्धतेचे कागद असे तयार होतात.

नाझी गेले, सोवळे राहिले. आन्ना लेल्केश ही हार्पवादक १९७१ पासून या वाद्यवृंदात वाजवत होती. सभासदत्व मिळाले १९९७ साली. १९९६ मध्येही काही वादक जर्मन रेडिओवर सांगत होते की, आमचा विशिष्ट नाद मध्य युरोपीय पुरुषांच्या एकजिनसीपणातून येतो. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी १९९० व १९९५ साली याच मैफलीचे संचालन केले होते, तेव्हा तो नाद बिघडला नव्हता. पाहुण्याला मान देता येतो. पंगतीत हक्काचे पान देताना मात्र सोवळे आठवते. स्त्रियांना प्रवेश मिळाला तो निषेधाच्या दबावानंतर.

अमेरिकेतील वाद्यवृंदांनी १९७०च्या दशकापासून निवडचाचणीत वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावण्यास सुरुवात केली. १९७० साली तेथील पाच प्रमुख वाद्यवृंदांत स्त्रिया पाच टक्क्यांहून कमी होत्या. १९९७ पर्यंत त्या सुमारे पंचवीस टक्के झाल्या. या वाढीत पडद्याचा वाटा असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. परीक्षकांचा कान निःपक्षपाती होता, तर पडद्याने फरक का पडावा?

पण पडदाही पुरेसा नाही. २०१४ साली अमेरिकन वाद्यवृंदांत कृष्णवर्णीय वादक दोन टक्क्यांहूनही कमी होते. पडद्यामागे उभे राहायला लहानपणीच वाद्य लागते, शिक्षक लागतो, सरावाला जागा लागते. हे ज्याच्या घरात नव्हते तो चाचणीपर्यंत पोचतच नाही. त्याची गैरहजेरी कोणी मोजत नाही आणि जे पोचले त्यांच्या वारशाला 'गुणवत्ता' म्हटले जाते. राखीव जागांविरुद्ध हाच शब्द आपल्यावर फेकला जातो, म्हणून हा हिशेब आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असला पाहिजे.

२०२५ साली या मैफलीत प्रथमच एका स्त्रीची, कॉन्स्टान्झे गायगरची, रचना वाजली. संगीत बाटले नाही. मराठी समीक्षेत 'निखळ कलामूल्य' म्हणून जे सांगितले जाते, त्यालाही आपण हेच विचारले पाहिजे: हा निखळपणा कोणाला बाहेर ठेवून राखला गेला? या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय कोणी आपल्याला सौंदर्यशास्त्र शिकवू नये.