चाळीसपैकी चोवीस

दिवाळीत परभणीला गेलो की आत्याशी एक वाद ठरलेला असतो. ती म्हणते, "काहीतरी असंल ना, उगंच का सगळे मानतेत?" मी नारळीकरांचा प्रयोग सांगतो. ती ऐकून घेते, चहा टाकते आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा तेच वाक्य. मोबाइलवर तर हे रोजचंच. 'चंद्रामुळे भरती येते, मग ग्रहांचा परिणाम का नाही?' हा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी नव्यानं शोधून काढतं. आमच्या धंद्यात जुनीच तक्रार परत आली की 'डुप्लिकेट' म्हणून बंद करतात. इथं ते चालत नाही. प्रश्न जुना असला तरी विचारणारा बहुतेक वेळा नवा असतो.

यंदा हे हसण्यावारी नेता आलं नाही. आत्याच्या मुलीचं जमत आलेलं लग्न मंगळावरून मोडलं. म्हणून जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांचा 2008 सालचा तो प्रयोग मी पुन्हा वाचला. या वेळी पुरावा म्हणून नव्हे, तर एक उत्तर म्हणून. ते कसं दिलंय, कुणाला दिलंय, हे पाहायला.

रचना साधी आहे. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस. कोणती कुठल्या गटातली ते सांगायचं. अठ्ठावीस बरोबर आल्या तर यश. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल चाळीसपैकी चोवीस, सरासरी 46 टक्के. एका संस्थेनं दोनशेही कुंडल्या तपासल्या, 102 बरोबर.

चोवीस हा आकडा ऐकून कोणीतरी म्हणतंच, "बघा, निम्म्याच्या वर!" पण सत्तावीस जण नुसती नाणी उडवत बसले असते, तरी त्यांतल्या तीन-चार जणांनी चोवीस गाठली असती. म्हणजे हा निकाल नाण्यापेक्षाही किंचित फिका आहे.

तरी या प्रयोगाचं मोठेपण मला निकालात वाटत नाही. 1975 साली अमेरिकेत 186 शास्त्रज्ञांनी ज्योतिषाविरुद्ध सह्यांचं पत्रक काढलं होतं. कार्ल सेगन यांनी त्यावर सही केली नाही. ज्योतिष त्यांनाही पटत नव्हतं, पण पत्रकाचा अधिकारवाणीचा सूर त्यांना खटकला. नारळीकरांनी नेमका तोच सूर टाळला. 'आम्ही सांगतो म्हणून' असं न म्हणता त्यांनी 'तुम्ही करून दाखवा' म्हटलं, आणि यश कशाला म्हणायचं हे आधीच ठरवलं. रोज तेच खोडत बसण्यापेक्षा 'काय झालं तर तुम्ही चूक मानाल?' हे सुरुवातीलाच विचारणं जास्त उपयोगाचं. ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याशी वाद पुढं नेण्यात अर्थ नाही.

पण या उत्तराला मर्यादा आहे, आणि ती मला आत्यामुळे दिसली. प्रयोग ज्योतिषांच्या दाव्याला उत्तर देतो, आत्याच्या भीतीला नाही. तिनं बुद्धिमत्तेबद्दल कधीच काही विचारलं नव्हतं. 'उद्या काही वाईट झालं तर लोक मलाच बोलतील' हा तिचा हिशेब. त्यावर 46 टक्के हे उत्तरच होत नाही. इतकी वर्षं मी तिला दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नाचं उत्तर ऐकवत होतो, आणि ती ते पुन्हा विसरते म्हणून चिडत होतो.

या वेळी प्रयोगाचं नाव काढलं नाही. वहीत बारा घरं काढली. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं: या पाचांत कुठंही मंगळ असला की 'मंगळ आहे'. म्हणजे ढोबळमानानं बारातले पाच जण. "आपल्या गल्लीत बारा घरं धर," मी म्हणालो, "पाच सुनांना मंगळ निघंल. त्यांचं काय वाईट झालं, सांग."

आत्यानं बोटं मोजली. दोन सुनांच्या पत्रिका कधी बघितल्याच नव्हत्या, हे तिलाच आठवलं. मग म्हणाली, "पण तिकडच्या लोकायला कोण सांगणार?"

तिचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं वाक्य वेगळं होतं.