मर्यादित आवृत्तीचा वाचक : रॉक मैफलीबाहेरची रांग आणि आस्वादाचा प्रश्न

१

रॉक मैफलीची चिकित्सा करताना समीक्षेची दृष्टी साहजिकच रंगमंचाकडे वळते. गीतांचे शब्द, वाद्यमेळ, गायकाची देहबोली, श्रोतृसमूहाचा उन्माद हे तिचे रूढ विषय होत. मैफल सुरू होण्याच्या कितीतरी तास आधी विक्रीच्या खिडकीपुढे लागणारी रांग मात्र या चिकित्सेच्या कक्षेबाहेर राहते. त्या दिवसापुरते आणि त्या शहरापुरते छापलेले पोस्टर हाती यावे म्हणून चाहते सकाळपासून उभे राहतात, ही घटना बाजारपेठेच्या अभ्यासकांना विक्रीचे तंत्र वाटते. समाजशास्त्र ती उपसंस्कृतीच्या खात्यात जमा करते. साहित्यविचाराच्या दृष्टीने मात्र तिच्यात एक वेगळा प्रश्न दडलेला आहे. आवृत्ती, प्रत, संहिता, वाचकसमूह या ज्या संकल्पनांवर साहित्यव्यवहाराचा विचार उभा आहे, त्या सर्व या रांगेत प्रत्यक्ष व्यवहाराच्या रूपाने भेटतात. दुर्मिळतेमुळे कलावस्तूला मोल येते, की वाचकसमूहाने दिलेल्या मोलामुळे दुर्मिळता अर्थपूर्ण होते, हा तो प्रश्न होय.

२

या व्यवहाराची एक महत्त्वाची वंशावळ सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मागे नेता येते. १९६६ पासून बिल ग्रॅहम यांच्या फिलमोर ऑडिटोरियममध्ये आणि चेट हेल्म्स यांच्या ‘फॅमिली डॉग’ या संस्थेतर्फे अ‍ॅव्हलॉन बॉलरूममध्ये होणाऱ्या मैफलींसाठी पोस्टरे काढली जाऊ लागली. वेस विल्सन, स्टॅन्ली माउस, अल्टन केली, रिक ग्रिफिन, व्हिक्टर मॉस्कोसो हे या पोस्टरांचे प्रमुख चित्रकार. जाहिरातीचा मूळ हेतू वाटेवरच्या माणसाला क्षणात माहिती देणे हा असतो. या चित्रकारांनी तो हेतूच उलटा केला. विल्सन यांनी व्हिएन्नाच्या सेसेशन चळवळीतील अक्षरवळणांपासून प्रेरणा घेऊन अक्षरे इतकी फुगवली आणि वाकवली की पोस्टर वाचण्यासाठी थांबणे भाग पडावे. जाहिरात ही वाचनाला विलंब लावणारी संहिता झाली. भिंतींवरची आणि खांबांवरची पोस्टरे लोक काढून घरी नेऊ लागले. जाहिरात म्हणून ती अशा रीतीने निकामी झाली, परंतु वाचनीय वस्तू म्हणून तिचे आयुष्य तेथूनच सुरू झाले. फिलमोरमध्ये मैफल संपल्यावर बाहेर पडणाऱ्या श्रोत्यांना पोस्टर विनामूल्य देण्याची प्रथाही पडली.

जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ च्या आपल्या ग्रंथात शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना अशा संहितेच्या उंबरठ्यावरील घटकांना स्वतंत्र संज्ञा दिली. मराठीत त्यांना ‘परिसंहिता’ म्हणता येईल. मैफलीचे पोस्टर ही एका अर्थाने परिसंहिताच होय. मात्र तिचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. ग्रंथाचे मुखपृष्ठ ग्रंथाबरोबर टिकते. मैफल मात्र त्याच रात्री संपते. येथे मूळ संहिता नाहीशी होते आणि परिसंहिता मागे उरते. पोस्टरावर छापलेले स्थळ आणि दिनांक ही मैफलीपूर्वी सूचना असते, मैफलीनंतर तीच नोंद होते. एकच शब्दसंहती भविष्यकाळातून भूतकाळात सरकते. चाहता रांगेत उभा राहतो तो या सरकण्याचा साक्षी म्हणून.

३

विनामूल्य वाटल्या जाणाऱ्या कागदापासून मर्यादित विक्रीच्या आवृत्तीपर्यंतचा प्रवास सिअ‍ॅटलमध्ये १९९० साली स्थापन झालेल्या पर्ल जॅम या वाद्यवृंदाच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. या वाद्यवृंदाच्या दौऱ्यांत मैफलीगणिक वेगळे पोस्टर काढण्याची परंपरा निर्माण झाली. बास गिटारवादक जेफ अ‍ॅमेंट यांचे बंधू बॅरी अ‍ॅमेंट आणि कोबी शुल्झ यांच्या ‘एम्स ब्रदर्स’ या चित्रशाळेचा या परंपरेत मोठा वाटा आहे. पोस्टर सिल्कस्क्रीन पद्धतीने छापले जाते. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी आणि स्वतंत्र हात लागतो. प्रतींची संख्या ठरलेली असते आणि त्यातील मुख्य भाग मैफलीच्या स्थळीच विकला जातो. काही प्रती चित्रकाराकडे राहतात. त्यांवर स्वाक्षरी आणि क्रमांक घालून तो त्या पुढे स्वतंत्रपणे विकतो. एकाच चित्राच्या ‘स्थळप्रत’ आणि ‘चित्रकारप्रत’ अशा दोन शाखा होतात. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला ही विभागणी अपरिचित वाटू नये.

रांगेचेही नियम असतात. एका व्यक्तीला किती प्रती मिळतील याची मर्यादा घातली जाते. पुष्कळदा चाहतेच आपापसांत क्रमांकांची यादी करतात, हातावर शाईने आकडा लिहितात, पाणी आणायला गेलेल्याची जागा राखतात. पोस्टर दुमडू नये म्हणून अनुभवी चाहता पुठ्ठ्याची नळी घरूनच आणतो. ती गाडीत ठेवून मग मैफलीला जाणे, किंवा संपूर्ण मैफलभर ती सांभाळणे, हाही या विधीचाच भाग होय. रांगेत पूर्वीच्या मैफलींच्या कथा सांगितल्या जातात, पोस्टरांतील प्रतिमांचे अर्थ लावले जातात, त्या शहराच्या इतिहासाचे धागे चित्रात शोधले जातात. या अर्थाने रांग हे खरेदीपूर्वीचे रिकामे प्रतीक्षास्थान राहत नाही. तेथे एक मौखिक समीक्षाव्यवहार चालतो आणि वस्तू हाती येण्याआधीच तिच्याभोवती अर्थाची जमवाजमव होते.

याच वाद्यवृंदाच्या व्यवहारात एक उद्बोधक विसंगती आढळते. १९९४ साली पर्ल जॅमने तिकीटविक्रीतील मक्तेदारीविरुद्ध अमेरिकेच्या न्याय विभागाकडे तक्रार केली. वाद्यवृंदातील दोघांनी त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षही दिली. १९९५ मध्ये न्याय विभागाने कारवाईविना चौकशी थांबवली. पुढे २००० च्या दौऱ्यातील मैफलींची ध्वनिमुद्रणे वाद्यवृंदाने स्वतःच प्रकाशित केली. या मालिकेत ७२ संच निघाले. त्यापूर्वी ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने १९८४ पासून मैफलीत ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी स्वतंत्र जागा राखली होती आणि त्या ध्वनिफितींची विनामोबदला देवाणघेवाण मान्य केली होती. म्हणजे ज्या परंपरेने संगीत अमर्याद केले, त्याच परंपरेत कागद मर्यादित झाला. ही विसंगती केवळ व्यापारी चातुर्याची खूण मानली तर तिचा अर्थ हातून निसटतो. ध्वनी सर्वत्र आणि सर्वकाळ उपलब्ध झाल्यावर ‘तेथे असणे’ या अनुभवाला खुणेची गरज भासू लागते. ती खूण संगीत देऊ शकत नाही, कारण संगीताची प्रत आता न आलेल्याकडेही असते. ती खूण कागद देतो.

४

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयी जो निबंध लिहिला, त्यात कलावस्तूच्या एकमेवतेशी निगडित असलेले वलय पुनरुत्पादनामुळे क्षीण होते, असे प्रतिपादन आहे. मर्यादित पोस्टर हा या सिद्धान्ताला अपवाद म्हणता येईल काय? येथे प्रत ही जन्मतःच प्रत असते. तिच्या मागे कोणतीही एकमेव मूळ वस्तू नसते. तरीही तिला वलय प्राप्त होते. ते पुनरुत्पादनाला घातलेल्या मर्यादेतून आणि त्या मर्यादेच्या एका स्थळ-काळाशी जोडलेल्या नात्यातून येते. अडोर्नो आणि हॉर्कहायमर यांच्या संस्कृतिउद्योगाच्या मांडणीनुसार हे वलय कृत्रिम ठरेल, कारण टंचाई ही येथे योजनापूर्वक निर्माण केलेली असते. या आक्षेपात तथ्य आहे. प्रती वाढवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसताना त्या वाढवल्या जात नाहीत, हे नाकारता येत नाही.

तथापि हा आक्षेप वस्तूच्या जन्मापाशीच थांबतो. तिच्या पुढील आयुष्याचा विचार करीत नाही. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८६ मध्ये संपादित केलेल्या ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ या ग्रंथात इगोर कोपिटॉफ यांनी वस्तूच्या चरित्राची कल्पना मांडली आहे. एखादी वस्तू काही काळ क्रयवस्तू असते, नंतर व्यवहारातून बाहेर पडून एकमेव होते, आणि पुन्हा बाजारात येऊही शकते. पोस्टराचे चरित्र या तिन्ही अवस्थांतून जाते. खिडकीपाशी ते क्रयवस्तू असते; घराच्या भिंतीवर ते एका रात्रीची आठवण होते; लिलावाच्या संकेतस्थळावर ते पुन्हा क्रयवस्तू होते. चाहत्यांच्या समूहात जो नैतिक संघर्ष उद्भवतो, तो तिसऱ्या अवस्थेविषयीचा असतो. केवळ पुनर्विक्रीसाठी रांगेत उभा राहणारा आणि मैफल न ऐकताच परतणारा मनुष्य या समूहाला परका वाटतो. रांगेतील किंमत पैशाबरोबर वेळेतही मोजली जाते, आणि पुनर्विक्रेता त्या वेळेचे सरळ पैशात रूपांतर करतो, ही त्या रोषाची मुळातली बाजू होय.

येथे चाहत्यांच्या या नीतीचीही चिकित्सा आवश्यक ठरते. वेळ हे चलन पैशापेक्षा न्याय्य आहे, असे रांगेतील लोक गृहीत धरतात. परंतु सकाळपासून उभे राहण्याइतका वेळ सर्वांपाशी सारखा नसतो. दिवसपाळी करणारा कामगार, लहान मुलांची आई, फार वेळ उभे राहू न शकणारा अपंग किंवा वृद्ध श्रोता यांच्यासाठी रांगही तिकिटाइतकीच बंद असते. संध्याकाळी कामावरून थेट मैफलीला पोहोचणाऱ्याला खिडकीवर बहुधा रिकामा फलकच दिसतो. मागाहून तीच प्रत पुनर्विक्रेत्याकडून चढ्या भावाने घेणारा नेहमीच हावरा संग्राहक असतो असे नाही. कित्येकदा तो मैफलीला उपस्थित असलेला, पण रांगेला मुकलेला श्रोता असतो. त्याच्या भिंतीवरील प्रत कोणत्या अर्थाने कमी अस्सल ठरते? रांगेची नीती या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देत नाही. समूहाची भावना जपणारी ही नीती समूहाची सीमाही आखून घेते.

५

या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या जुन्या पोस्टरांपैकी एकाच्या वंशवृक्षाकडे वळणे उपयुक्त ठरेल. सप्टेंबर १९६६ मध्ये अ‍ॅव्हलॉन बॉलरूममधील ग्रेटफुल डेडच्या मैफलीसाठी माउस आणि केली यांनी गुलाबांनी वेढलेल्या सांगाड्याचे पोस्टर केले. ते मूळ रेखाटन एडमंड सलिव्हन या इंग्रज चित्रकाराने एडवर्ड फिट्झजेरल्ड यांच्या उमर खय्यामच्या रुबायांसाठी केले होते. सलिव्हन यांची सचित्र आवृत्ती १९१३ ची. माउस आणि केली यांना ते ग्रंथालयातील पुस्तकात सापडले. त्यांनी कृष्णधवल रेखाटनाला रंग आणि अक्षरे दिली. १९७१ मध्ये तीच प्रतिमा वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेवर आली आणि पुढे ती त्याची ओळखच बनली. बाराव्या शतकात दिवंगत झालेला एक फारसी कवी अशा रीतीने कॅलिफोर्नियातील तरुणांच्या सदऱ्यांवर पोहोचला, तोही बहुसंख्यांना त्याचे नाव माहीत नसताना.

फिट्झजेरल्ड यांच्या अनुवादाची पहिली आवृत्ती हीसुद्धा मर्यादितच होती. १८५९ साली लंडनचे ग्रंथविक्रेते बर्नार्ड क्वॉरिच यांच्यामार्फत तिच्या २५० प्रती अनुवादकाच्या नावाविना निघाल्या. त्यांच्यासाठी कोणी रांग लावली नाही. खप न झाल्याने त्या दुकानाबाहेरच्या पेटीत एका पेनीला ठेवाव्या लागल्या. १८६१ मध्ये व्हिटली स्टोक्स यांच्या दृष्टीस ते पुस्तक पडले, त्यांच्याकडून ते दान्ते गॅब्रिएल रोझेटी यांच्यापर्यंत गेले, आणि मग त्या पुस्तकाला वाचकसमूह लाभला. आज त्याच प्रती अत्यंत मौल्यवान मानल्या जातात. त्या आवृत्तीच्या छापील प्रतींची संख्या १८५९ मध्ये ठरली, तीच मर्यादा आजही आहे. बदलला तो वाचकसमूह. केवळ संख्येची मर्यादा मोल निर्माण करू शकत असती, तर ते पुस्तक पेटीत पडून राहिले नसते.

याच रुबाया भारतीय भाषांत आल्या तेव्हा त्यांचे मोल आवृत्तीच्या मर्यादेवर मुळीच अवलंबून नव्हते. मराठीत माधव जूलियन यांनी १९२९ मध्ये फारसीवरून ‘उमरखय्यामकृत रुबाया’ आणि १९३१ मध्ये फिट्झजेरल्डवरून ‘द्राक्षकन्या’ सिद्ध केली. मूळ आणि मध्यस्थ अशा दोन्ही संहितांना स्वतंत्र अनुवादाचा मान देणारा हा प्रयत्न तौलनिक अभ्यासाला आजही मार्गदर्शक आहे. हिंदीत हरिवंशराय बच्चन यांच्या ‘मधुशाले’ने (१९३५) ही परंपरा कविसंमेलनाच्या व्यासपीठावरून दूरवर नेली, तेथे श्रोत्याच्या हाती कागद नव्हता, स्मरण होते. एकाच काव्याच्या या तीन वाटा आहेत : अनुवादातून, मौखिक स्मरणातून आणि छापील प्रतिमेतून. पहिल्या दोन वाटांवर प्रत जितकी पसरते तितके काव्य समृद्ध होते. तिसऱ्या वाटेवरच प्रसाराला मर्यादा घालून मोल टिकवण्याचा प्रयत्न दिसतो.

६

मर्यादित पोस्टर आणि त्यासाठीची रांग यांना निव्वळ फसवणूक म्हणणे जितके एकांगी, तितकेच तिला निर्मळ भक्ती म्हणणेही एकांगी ठरते. टंचाई विक्रेता निर्माण करतो. पण टंचाईला अर्थ रांग देते. रांगेत सांगितलेल्या कथा, लावलेले अर्थ, राखलेल्या जागा यांच्या अभावी क्रमांकित कागद हा क्वॉरिच यांच्या पेटीतील पुस्तकासारखाच निष्प्राण राहिला असता. म्हणूनच पुनर्विक्रेत्याविषयीचा चाहत्यांचा रोष समजण्याजोगा आहे. त्यांनी मिळून जे मोल निर्माण केलेले असते, तेच तो एकटा वसूल करतो. मात्र याच तर्काने रांगेला न पोहोचू शकलेला श्रोताही त्या मोलाचा भागीदार ठरतो, कारण समूह रांगेपुरता नसतो. तो मैफलीच्या आत, ध्वनिमुद्रणाच्या प्रतींत आणि पुढे सांगितल्या जाणाऱ्या आठवणींतही असतो. प्रत कोणाच्या भिंतीवर आहे यावरून वाचक ठरवणे ग्रंथव्यवहारात कधीच पुरेसे झालेले नाही. ज्या प्रतिमेने ग्रंथालयातील, म्हणजे कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या पुस्तकातून आपला प्रवास सुरू केला, तिच्या बाबतीत तरी ते पुरेसे मानता येणार नाही.